तिसऱ्या हाताला जागा नाही

पोटाच्या शस्त्रक्रियेत चार हात एका वेळी काम करू शकतात. शिकणारा टाका घेतो, शिकवणारा त्याच्या बोटांशेजारी बोट ठेवून दिशा दाखवतो आणि चुकतेय असे दिसले तर तिथेच सावरतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेत ही सोय कवटीच्या हाडापर्यंतच असते. ड्युरा, म्हणजे मेंदूवरचे जाड आवरण, उघडून खोल गेले की वाट अगदी अरुंद होते. तिच्यात एकाच माणसाची दोन हत्यारे मावतात: डाव्या हातात सक्शन, उजव्या हातात बायपोलर किंवा कात्री. तिसऱ्या हाताला जागा नसते. परीक्षा, रात्रपाळ्या, बाँड ही न्यूरोसर्जरीच्या प्रशिक्षणातली बाकीची संकटे कधी ना कधी संपतात. ही अडचण मात्र पहिल्या वर्षी सुरू होते आणि अध्यापकाच्या निवृत्तीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. शिकवणाऱ्याने आपला हात बाहेर काढल्याशिवाय शिकणाऱ्याचा हात आत जाऊच शकत नाही.

या विषयाकडे येणारा विद्यार्थी कोरा नसतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षे जनरल सर्जरीचे एमएस, मग २०१७ पासूनची नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर तीन वर्षांचे एमसीएच किंवा डीआरएनबी, हा नेहमीचा मार्ग. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबीचा मार्गही आहे. पहिल्या मार्गाने आलेला विद्यार्थी ॲपेंडिक्स, हर्निया, फाटलेले आतडे स्वतःच्या हिमतीवर निस्तरून आलेला असतो आणि इथे पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहतो. त्याच्या हाताला लागलेल्या दोन सवयी आधी मोडाव्या लागतात. जनरल सर्जन नीट दिसावे म्हणून ऊती ताणतो; मेंदू ताणता येत नाही. तो रक्त दिसले की मॉप दाबून धरतो. मेंदूवर दाब देता येत नाही. पॅटी, म्हणजे कापसाची छोटी पट्टी, ठेवायची, सलाइन सोडायचे आणि थांबायचे. हे थांबणे धडाडीच्या सर्जनला फार जड जाते.

भारतात या शाखेची सुरुवात १९४९ मध्ये वेल्लोरला जेकब चँडी यांनी आणि पुढच्या वर्षी मद्रासला बी. राममूर्ती यांनी केली. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत राम गिंडे माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आले आणि केईएम रुग्णालयात होमी दस्तूर यांनी विभाग उभा केला. या पिढीला इथे मागे उभे राहून पाहणारा वरिष्ठ नव्हता. हात केव्हा सोपवायचा हा प्रश्न तिला शिकताना नव्हे, शिकवू लागल्यावर पडला.

महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत हात सोपवण्याची पहिली वेळ अध्यापक ठरवत नाही, अपघात ठरवतो. उरण तालुक्यातले मोरा याचे चांगले उदाहरण आहे. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि या भागातल्या रस्त्यांवर कंटेनर ट्रेलरांची रीघ लागली. त्याच रस्त्यांवरून दुचाकीस्वार कामाला जातात. डोक्याला मार लागलेल्या ज्या माणसाला खासगी रुग्णालय परवडत नाही, त्याला मुंबईच गाठावी लागते. मोरा बंदरातून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याला लाँच साधारण तासाभरात पोचते, पण ओहोटीला गाळामुळे ती सेवा अडते, आणि बेशुद्ध माणसाला लाँचमधून नेणे तसेही शक्य नसते. उरायचा तो वाशीच्या खाडीपुलावरून शीवला जाणारा लांबचा रस्ता. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. तो शिवडीला उतरतो आणि तिथून परळचे केईएम जवळच आहे.

या जवळिकीचा वैद्यकीय अर्थ मोठा आहे. सीलिग आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ड्युराखाली ताजा रक्तस्राव होऊन कोमात गेलेल्या ८२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्के होते, उशीर झालेल्यांत ९० टक्के. रुग्ण लवकर पोचू लागला म्हणजे त्याला त्या चार तासांचा लाभ मिळू शकतो. पण मध्यरात्री घरून निघालेल्या अध्यापकाच्या आधी तो टेबलावर असतो. तिथे जागा असलेला हात रजिस्ट्रारचा, म्हणजे शिकणाऱ्या डॉक्टरचा असतो. कधी रक्त ड्युराखाली नव्हे, ड्युराबाहेर साचलेले असते: सीटीवर भिंगाच्या आकाराची गाठ, एका बाजूची बाहुली मोठी झालेली, आणि फोनवर एकच वाक्य: सुरू कर, मी येतोय. कानशिलाजवळ बर होल, कवटीचा तुकडा बाजूला, रक्ताची गाठ बाहेर आणि मिडल मेनिंजियल धमनी बंद. न्यूरोसर्जनच्या आयुष्यातली बहुधा पहिली स्वतंत्र शस्त्रक्रिया हीच असते, आणि एवढ्या थोड्या वेळात एवढे मोठे फळ देणारी दुसरी नसते. महापालिकेच्या रुग्णालयात तयार झालेल्या प्रत्येक न्यूरोसर्जनचे शिक्षण अशा निनावी, गरीब, रात्री आलेल्या माणसांच्या डोक्यांवर झालेले आहे. हे ऋण पदवीच्या कागदावर कुठेही नोंदवलेले नसते. ते फेडायचे तर हात सोपवण्याची पद्धत काटेकोर असायला हवी.

खरी कोंडी त्यानंतर, सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते. न्यूरोसर्जरीत तो प्रथम १९५७ मध्ये थिओडोर कुर्झे यांनी वापरला आणि १९६७ नंतर झुरिकच्या यासारगिल यांनी त्याचे शास्त्र घडवले. त्याआधी खोल जागेत शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज कोणालाच काही दिसत नसे. सूक्ष्मदर्शकाने सहायकाला शेजारची नळी दिली, पुढे पडदा आला आणि खोलीतल्या सगळ्यांना तेच दृश्य दिसू लागले. दृष्टी वाटता आली. हात वाटता आला नाही. उलट पाहून समजते असा भ्रम वाढला.

पडद्यावर जे दिसत नाही ते डाव्या हाताच्या अंगठ्यात असते. सक्शनच्या दांड्यावर एक भोक असते. अंगठा ते पूर्ण झाकतो तेव्हा ओढ तीव्र होते, सरकतो तेव्हा सौम्य. अनुभवी सर्जनचा अंगठा सतत हलत असतो: रक्तावर झाकलेला, मेंदूच्या पृष्ठावर उघडा, नसेजवळ अर्धवट. शिकणाऱ्याचे डोळे उजव्या हातावर खिळलेले असतात, कारण कापणे तिथे चालू असते. ट्यूमर सुटतो तो मात्र डाव्या हाताने धरलेल्या अंतरामुळे आणि स्वच्छ ठेवलेल्या जागेमुळे. हा अंगठा शब्दांत सांगता येत नाही आणि दुसऱ्याच्या अंगठ्यावर आपला ठेवून शिकवताही येत नाही. ‘अलगद’ म्हणजे किती, हे फक्त हातालाच कळते.

केईएमच्या अतुल गोयल यांनी व्ही. लाहेरी यांच्यासह १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेली मानेच्या पहिल्या दोन मणक्यांची जोडणी या बाबतीत बोलकी आहे. आज ती गोयल-हार्म्स तंत्र म्हणून जगभर वापरतात. एक्स-रेवर स्क्रू दिसतात, म्हणून शिकणाऱ्याला स्क्रू म्हणजेच शस्त्रक्रिया वाटते. अवघड भाग स्क्रूच्या आधीचा असतो. सांध्याभोवती शिरांचे जाळे भळभळते, बाजूला व्हर्टिब्रल धमनी असते, आणि रक्त थांबेपर्यंत न घाबरता, न खुपसता जागा दाबून धरावी लागते. ज्याने हे स्वतः केले नाही त्याने ती शस्त्रक्रिया फक्त पाहिली आहे, मग तो कितीही वेळा शेजारी उभा राहिलेला असो.

यावर विभागांनी काढलेला तोडगा म्हणजे टप्प्यांची वाटणी. कातडी, हाड, ड्युरा शिष्याचे, शेवटी टाके शिष्याचे, मधले गुरूचे. पुढच्या वर्षी ट्यूमरचा गाभा पोखरणे शिष्याला मिळते आणि कवच नसेवरून सोडवणे गुरूकडे राहते. श्रवण आणि तोल यांच्या नसेवरच्या श्वानोमा या ट्यूमरमध्ये चेहऱ्याची नस कवचावर पसरून इतकी पातळ झालेली असते, की ती सोडवणे हीच सारी शस्त्रक्रिया. परिणामी कित्येक ट्यूमरांचे पोट रिकामे केलेला, पण एकाही ट्यूमरची कड न पाहिलेला न्यूरोसर्जन पदवी घेऊन बाहेर पडतो. हा क्रम उलटा हवा. मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावरच्या साध्या मेनिंजिओमाची कड दुसऱ्या वर्षीच शिष्याच्या हाती द्यावी. तिथे जागा मोकळी असते, सावरायला वाव असतो.

पर्याय म्हणून प्रयोगशाळा सुचवली जाते. कोंबडीच्या पंखातली सुमारे एक मिलिमीटरची धमनी १०-० दोऱ्याने जोडण्याचा सराव स्वस्त आणि उत्तम आहे. प्रत्येक विभागात तो रोज व्हायला हवा. त्याने कंप कमी होतो, हत्यार बोटांत बसते. पण पंखातून रक्त येत नाही आणि तो सुजत नाही. सिम्युलेटरवर चुकलेल्या हाताला परिणाम भोगावा लागत नाही. हात तयार होतो, पण जबाबदारी पेलायला शिकत नाही.

दरम्यान सोपवण्याजोग्या शस्त्रक्रियाच कमी होत चालल्या आहेत. २००२ मधल्या आयसॅट चाचणीने २,१४३ रुग्णांत फुटलेल्या ॲन्युरिझमसाठी (धमनीवरच्या फुगवट्यासाठी) कॉइलिंगचा, म्हणजे धमनीतून तार भरण्याचा, एक वर्षानंतरचा निकाल क्लिपिंगपेक्षा, म्हणजे कवटी उघडून क्लिप लावण्यापेक्षा, चांगला दाखवला. रुग्णांसाठी ही प्रगतीच आहे. पण क्लिपिंगसाठी आता उरतात ते बहुतेक कठीण ॲन्युरिझम, आणि ते कोणी नवख्याच्या हाती देत नाही. कॉर्पोरेट रुग्णालयांत यंत्रे उत्तम असतात, पण रुग्ण विशिष्ट सर्जनच्या नावावर पैसे मोजून आलेला असतो. तिथे रजिस्ट्रारची नजर तयार होते, हात मागे राहतो. महापालिकेत हात तयार होतो, पण निवांत शिकवायला वेळ नसतो. निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९९२ मध्येच कागदावर आली. न्यूरोसर्जरीत ती क्वचितच पाळली गेली. जागरणाने सर्जन घडतो असे मानणारे ज्येष्ठ अजून आहेत. ते चुकतात. पेंगुळलेल्या माणसात सगळ्यात आधी तो अंगठाच सैल पडतो.

हात न सोपवण्याची कारणे विचारली तर अध्यापक रुग्णाची सुरक्षितता, वेळ आणि गुंतागुंत सांगतात. तिन्ही खरी असतात. चौथे कारण सांगितले जात नाही. कवच नसेवरून सुटण्याचा क्षण या धंद्यातला सर्वोच्च आनंद आहे, पडद्यासमोर उभी असलेली खोली तेव्हा श्वास रोखून असते, आणि तो क्षण दुसऱ्याला द्यायचा म्हणजे स्वतःचा मोठेपणा द्यायचा. वय वाढते, डोळे लवकर थकतात, लांबलेल्या केसमध्ये हत्याराचे टोक किंचित थरथरते. तरीही शेवटची कड आपणच काढावी ही ओढ कमी होत नाही, उलट वाढते. शिष्याचा अहंकार वेगळा: लॉगबुकमधला आकडा. गाभा पोखरला तरी तो ‘शस्त्रक्रिया केली’ असेच लिहितो आणि गुरू त्यावर सही करतो. दोघांच्या अहंकारांत असा समझोता होतो.

प्रशिक्षणाचे शेवटचे महिने हे अध्यापकाच्या अंतराने मोजता येतात: आधी तो शेजारच्या नळीवर असतो, मग हात न धुता खोलीत, मग बाहेरच्या खुर्चीवर, मग फोनवर. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या एमसीएच परीक्षेत परीक्षक केस, प्रतिमा आणि निर्णय यांवर प्रश्न विचारतात; विद्यार्थ्याचा डावा अंगठा त्यांना दिसत नाही. त्याची ग्वाही देणारा एकच माणूस असतो, आणि त्यालाही ती तेव्हाच देता येते, जेव्हा त्याने स्वतःचा हात बाहेर ठेवून तो अंगठा चालताना पाहिलेला असतो.