ते बटण तिथे कोणी ठेवलं होतं?

परत सुरू झालंय. "मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा, जास्तीत जास्त शेअर करा." कालपासून चोपड्यातल्या तीन ग्रुपवर मला हाच मेसेज आला. मी पोलीस ठाण्यात विचारून आलो. अशी एकही तक्रार नाही.

राईनपाडा विसरलात का? आपलंच खान्देश. साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत फिरत होती. बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही गेले.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून पोरगं उचलून नेतात. तो मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेने बनवलेला. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. शेवट कापला, बाकीचं पसरलं.

अशा वेळी अधिकारी, शिक्षक, संपादक सगळे एकच बोलतात : लोक अडाणी आहेत, फॉरवर्ड करण्याआधी विचार करायला हवा. बरोबर आहे, मारणारे हात माणसांचेच होते. पण भो, ही निम्मी गोष्ट झाली.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो-व्हिडिओच्या शेजारीच बाणाचं बटण होतं. दाबलं की एका दमात अडीचशेच्या आसपास ठिकाणी माल रवाना. ज्याला मिळाला त्याला कळायचंही नाही की हे काकांनी स्वतः लिहिलंय की कुठून तरी आलंय. काकांचं नाव वर दिसतंय म्हणजे खरंच असणार! ते बटण राईनपाड्याच्या लोकांनी बसवलं नव्हतं. ते कॅलिफोर्नियात बसलेल्या शिकल्यासवरलेल्या इंजिनिअरांनी बसवलं, आणि मेसेज जितका पळेल तितका धंदा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग काय झालं बघा. पाच जीव गेल्यावर केंद्र सरकारने कंपनीला पत्र धाडलं. १० जुलैला 'फॉरवर्डेड' ही पट्टी आली. २० जुलैला जाहीर केलं की भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल आणि ते बाणाचं बटण काढणार. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लावली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला, असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, हे कंपनीनेच सांगितलं. म्हणजे जमत होतं. आधीही जमलं असतं.

आता कोणी म्हणेल, मग कोणी पाठवलं ते सरकारला कळायलाच हवं. २०२१ च्या नियमांत सरकारने तेच मागितलं आणि कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. इथे मी कंपनीच्या बाजूने आहे, नाईलाजाने का होईना. एखादा कर्मचारी वाळूच्या डंपरबद्दल मला गुपचूप दोन ओळी पाठवतो. त्याचं नाव फुटलं तर परत कोण बोलेल? पत्र वेगळं, पत्रक वेगळं. पत्र कोणी फोडू नये. पण त्या बटणाने प्रत्येक पत्राचं पत्रक करून टाकलं होतं. आवर तिथे घालायचा होता. पत्रं फोडून काही होणार नाही.

आणि कंपनीला ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा एवढाच पुळका असेल, तर माझ्या चॅटच्या पानावर बसलेला तो एआयचा गोल मला काढता का येत नाही? घर माझं म्हणायचं आणि कडी बाहेरून. निवडणूक आली की कुठल्या तरी उमेदवाराचा कार्यकर्ता मला न विचारता ग्रुपमध्ये घालतो. हे थांबवायची सोय एप्रिल २०१९ मध्ये आली, पण ती सेटिंग मुळात 'एव्हरीवन' वरच ठेवलेली. म्हणजे दार उघडंच, बंद करायचं असेल तर तुम्ही शोधा. गावात किती जणांनी शोधलं असेल?

तर आत्ताच करा. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स, आणि तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स'. आईवडिलांच्या फोनवरही करून द्या, त्यांना सापडत नाही ते.

आणि अ‍ॅडमिन मंडळी, 'आले तसे पाठवले' लिहून सुटका नाही. फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं, ही सोय तुमच्या हातात आहे, आणि दुसऱ्याचा मेसेज उडवायचीही आहे. अडावद, लासूरच्या ग्रुपवर तो टोळीवाला मेसेज अजून तसाच पडलेला आहे. भिक्षा मागणारी माणसं याच गावांमधून फिरतात. हे वाचून झालं की आधी तो काढा.