पाचवी तार

मंडळी, बातमी खरी आहे. आमच्या घरी पेटी आणि तंबोऱ्याशेजारी आता पाच तारांची बास गिटार उभी असते, आणि ती नातवाची नसून माझी आहे! धाकट्या मेव्हण्याने फोनवर विचारलं, "दाजी, या वयात हे काय नवीन?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कारण आहे कान. अडतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. फळ्याकडे तोंड असलं तरी शेवटच्या बाकावरची कुजबुज कळायची. आता स, श, फ ही अक्षरं पुसट झालीत. चिमण्या दिसतात, पण ऐकू येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, खालचे बरेच दिवस टिकतात. श्रवणयंत्र घेतलंय, त्याने बोलणं कळतं. पण त्यातून तंबोरा ऐकला की पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा वाटतो. मिरजेचा तंबोरा हो! फार वाईट वाटलं.

मग वाटलं, जे टिकलंय त्याचंच वाद्य का घेऊ नये? शेजारचा मुलगा नोकरीसाठी बंगलोरला निघाला होता. त्याच्याकडून जुनी बास, छोट्या अँप्लिफायरसकट, नऊ हजारांत मिळाली. पेन्शनीत बसली.

नेहमीच्या बासला चार तारा असतात: ई, ए, डी, जी. प्रत्येक तार आधीच्या तारेचा शुद्ध मध्यम. पाच तारांच्या बासमध्ये ई च्याही खाली बी ची तार येते. सेकंदाला जेमतेम एकतीस कंपनं! पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्याही साधारण सप्तकभर खाली. माझ्या बासवर ही तार सव्वातीन मिलिमीटर जाड आहे. लांबी मात्र बाकीच्या तारांइतकीच, चौतीस इंच. तेवढ्या लांबीत इतका खालचा सूर काढायचा तर तार जाड करावी लागते, नाहीतर सैल ठेवावी लागते. स्वस्त वाद्यात ती सैलच लागते आणि जोरात छेडली की भदभदते. उपाय सोपा आहे, हलक्या हाताने वाजवायची. मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं तर त्या इवल्याशा स्पीकरमधून हा खर्ज नीट येतच नाही, हेडफोन लागतात.

वाजवण्याइतकंच न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणंही शिकावं लागतं. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने छेडतात, तेव्हा अंगठा बी च्या तारेवर टेकवून ठेवायचा. नाहीतर ती आपली मागे घुमतच राहते. वर्ग सांभाळण्यासारखंच आहे.

आता खरी गोष्ट. आमची ही संध्याकाळी अभंग म्हणते. पूर्वी मी पेटीवर साथ करायचो. कान गेले तसे शब्द सुटू लागले, मी मागे पडू लागलो, आणि एक दिवस पेटी बंदच केली. ती काही बोलली नाही, पण गाणंही कमी झालं.

तिची पट्टी काळी चार. ई च्या तारेवर चौथ्या पडद्यावर तिचा सा मिळतो, आणि त्याच पडद्यावर शेजारच्या पाचव्या तारेवर मंद्र पंचम. चार तारांवर हा पंचम इतक्या खाली मिळालाच नसता. तिने सुरू केलं की मी सा आणि पंचम धरून बसतो. बाकी काही नाही. तिचे शब्द अजूनही निम्मेच कळतात. पण वाद्य पोटाशी धरलेलं असतं, त्याचा खर्ज बरगड्यांत घुमतो. त्याला कान लागत नाहीत. कधी थांबलो तर ती म्हणते, "अहो, खालचं कुठे गेलं?"

असो. बोटांना घट्टे पडलेत, पण आमच्याकडे रोज संध्याकाळी गाणं होतं. सांगलीत आलात तर जरूर या.