अक्षरांची अदलाबदल

माझं नाव अनघा. पासपोर्टवर मात्र 'अंगाहा' असं वाचलं जातं. दहावीच्या फॉर्मवर बाबांनी चौकोनांत एकेक इंग्रजी अक्षर जपून भरलं, फक्त 'जी' एक घर आधी पडला. बाबा सातवी शिकलेले. ती चूक मार्कलिस्ट, आधार, पासपोर्ट अशी माझ्या मागे येत राहिली. त्यावरून मी त्यांना काय काय बोलले, ते आता आठवायला नको वाटतं. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या खात्यावर वारस म्हणून अनघा, माझ्या कागदांवर अंगाहा. मग 'दोन्ही व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

आता मी आयर्लंडमध्ये, गॉलवेत शिकते. या उन्हाळ्यात कॉनेमारात फिरताना खडकांच्या आडोशाला एक बुटकं झुडूप दिसलं. पानं वरून गडद हिरवी, खालून पांढरट. लहान मडक्यांसारखी जांभळट गुलाबी फुलं खाली लटकलेली. "सेंट डॅबिऑक्स हीथ," मैत्रीण म्हणाली. डॅबिऑक हा इथला जुना संत.

खोलीवर येऊन शास्त्रीय नाव शोधलं आणि थबकलेच. संताच्या नावात आधी 'ई', मग 'ओ'. झुडपाच्या नावात आधी 'ओ', मग 'ई'!

1700 साली एडवर्ड ल्विड हा वेल्सचा अभ्यासक आयर्लंडमध्ये फिरला, तेव्हा त्याने हे झुडूप नोंदवलं होतं. 1762 मध्ये लिनियसने त्याला एरिका प्रजातीत बसवलं, आणि नाव देताना त्या दोन अक्षरांची अदलाबदल झाली. साक्षात लिनियस! ज्याच्या पद्धतीने आजही जगभर झाडांना नावं दिली जातात, तो. पुढे 1834 मध्ये डेव्हिड डॉनने या झुडपाची वेगळी प्रजाती केली. एरिकाची फुलं वाळली तरी फांदीवर राहतात, याची गळून पडतात. प्रजाती वेगळी झाली, पण आजच्या नावातली अक्षरं उलटीच आहेत.

मग ती दुरुस्त का नाही केली? तर वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हेच स्पेलिंग मुद्दाम राखून ठेवलंय. आज कुणी संताचं नाव बरोबर लिहायला गेलं, तर झुडपाचं नाव चुकतं. नाव घेतल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच झाड यावं, हे महत्त्वाचं. ते नाव कसं पडलं, हा नंतरचा प्रश्न.

झाडाला बँकेत जावं लागत नाही, हे खरं. मला पुन्हा जावं लागेल, पुन्हा प्रतिज्ञापत्र करावं लागेल. तरीही नाव बदलण्याचा जो अर्ज मी भरून ठेवला होता, तो अजून पाठवलेला नाही. बाबांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही लिहिलेलं नाही.

आईला फोनवर सांगितलं, "राहू दे ते नाव."

"अगं, मग तुला हाक काय मारायची?"

"अनघाच मार ना."