फॉरमॅट मारायच्या आधी

दौंड

प्रिय मित्रा,

तुझा निरोप आत्ताच वाचला. लिनक्स सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर कंसात नुसतं ‘इनिटरॅमएफएस’ येऊन थांबतं, आणि तिथला दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. कृपा करून मारू नकोस! त्यातले काकांचे फोटो बहुतेक जागच्या जागी असतील.

मशीन चालू केल्यावर ग्रब हा बूटलोडर कर्नल आणि रॅमडिस्क (तीच ती ‘इनिटरॅमएफएस’) मेमरीत चढवतो. रॅमडिस्क म्हणजे आपल्या जंक्शनवरचं शंटिंगचं इंजिन समज. डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर तिच्यापाशी असतात. खरी डिस्क जोडून दिली की रॅमडिस्क बाजूला होते. तुझं मशीन या जोडणीपाशीच अडलंय.

आधी तिथेच ‘एक्झिट’ टाइप कर. पुष्कळदा कारण तेव्हाच छापून येतं. ‘एफएससीके’ हाताने चालवायला सांगितलं, तर फाइल सिस्टिममध्ये गडबड आहे; पण डिस्क कुरकुरत असेल, तर आधी पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने बूट करून फोटो बाहेर काढ, दुरुस्ती नंतर. कारण नाहीच कळलं तर ‘बीएलकेआयडी’ चालव. त्याने दिलेल्या यादीत डिस्कच नसेल तर केबल आणि बायॉस तपास. असेल, तर तिच्यावरच्या लिनक्सच्या पार्टिशनचा यूयूआयडी कर्नलला दिलेल्या यूयूआयडीशी ताडून बघ.

इकडे पावसाळ्यात एका पोराच्या जुन्या पीसीवर अपडेट चालू असताना लाईट गेली. नवं कर्नल बसलं, पण त्याची रॅमडिस्क तयार व्हायची राहिली. पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ आणि शेवटी ‘अननोन-ब्लॉक(0,0)’. पोरगं रडवेलं झालं, कॉलेजचा प्रोजेक्ट त्यातच होता. त्यालाही कुणीतरी फॉरमॅटच सांगितलेलं! ग्रबच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं कर्नल निवडलं, मशीन उठलं. बूटच्या पार्टिशनवर जागा आहे ना ते पाहिलं, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला नव्या कर्नलचा नंबर देऊन रॅमडिस्क बनवली, मग ‘अपडेट-ग्रब’. प्रोजेक्टची एक फाइलसुद्धा गेली नाही.

मला मनापासून वाटतं, पडद्यावरची शेवटची ओळ न वाचता कुणाचाही डेटा पुसू नये. माणसं वर्षानुवर्षांचं त्यात ठेवतात, आणि मशीन कुठे अडलं ते बहुतेक वेळा स्वतःच सांगत असतं.

‘एक्झिट’नंतर जे येईल त्याचा फोटो काढून लगेच धाड. रात्री कितीही वाजू देत, फोन कर. आपण मिळून बघू.

तुझाच,
दौंडकर