गिरडची टेकडी

आमच्या मोहल्ल्यातल्या बायका फिरायला जात नाहीत. बाजारात जातात, दवाखान्यात जातात, कुणाकडे मौत झाली तर पुरसा द्यायला जातात. पण काहीच काम नसताना नुसते चालायला म्हणून बाहेर पडणे त्यांच्या वाट्याला येत नाही. "कुठं निघालात?" या प्रश्नाला "कुठं नाही, अशीच" हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. पुरुष फजरच्या नमाजनंतर मैदानाला दोन चकरा मारून येतात. त्याच वेळी घरात चहा चढलेला असतो आणि मुलांचे डबे भरायचे असतात.

अम्मीला साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर चालणेही लिहून दिले. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही आठवड्याला किमान १५० मिनिटे अंग हलवायला सांगते. अम्मी हसली. म्हणाली, "या वयात मी रस्त्यानं हात हलवत फिरू? लोक काय म्हणतील?" गोळ्या तिने नेमाने घेतल्या. चालणे मात्र राहून गेले.

पण हीच अम्मी गिरडची टेकडी चढते. कुणाचा हात न धरता, थांबत थांबत, पण चढते.

गिरड आमच्या वर्धा जिल्ह्यातले, समुद्रपूर तालुक्यातले. वर्ध्याहून साठेक किलोमीटर पडते. जाम, समुद्रपूर मागे टाकले की कपाशी-तुरीच्या शेतांमधून पुढे झाडीने वेढलेली टेकडी दिसू लागते. माथ्यावर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. पाकपट्टणचे बाबा फरीद तेराव्या शतकातले. त्यांची मजार आज पाकिस्तानात आहे आणि त्यांची वचने शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहेत. तेच बाबा इथे येऊन राहिले, इथे त्यांनी चिल्ला केला, अशी श्रद्धा आहे. इतिहासाचा काटा लावून ती तोलण्याची आम्हाला कधी गरज वाटली नाही. टेकडीवर जाणाऱ्यांत हिंदू किती, मुसलमान किती, हेही आम्ही कधी मोजले नाही.

चढ अवघड नाही. पाच वर्षांचे मूल आणि सत्तरीची म्हातारी एकाच चालीने चढू शकतात. आम्ही हिवाळ्यात जातो, शक्यतो ऊन तापायच्या आत. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा लेकरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन जाण्यात अर्थ नाही. आमच्या भागातले रान पानगळीचे. साग, पळस, मोह, तेंदू. पावसाळा संपता संपता ते हिरवे गच्च असते. माघ-फाल्गुनात सागाची पाने पायाखाली पापडासारखी मोडतात आणि पळस पेटतो. बरोबर पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, उकडलेली अंडी, लिंबाचे लोणचे आणि पाण्याची कॅन असली म्हणजे झाले.

मुलांना मात्र डब्यापेक्षा दगडांची ओढ. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल गोल दगड सापडतात. त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नारळ-सुपारीचे व्यापारी इथून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले. व्यापारी गयावया करू लागले, तेव्हा बाबांनी वाळल्या पानांपासून त्यांना पुन्हा माल करून दिला. मग ते धंदा सोडून बाबांच्याच सेवेत राहिले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे.

आमचा पुतण्या इंजिनिअरिंग शिकलेला. दर्ग्यावर जाणे त्याला पटत नाही. मागणे फक्त अल्लाहकडे मागावे, हे त्याचे म्हणणे, आणि त्या म्हणण्याला आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्याने सांगून टाकले, "यापुढं गिरड बंद. दादीला पण नेऊ नका." अम्मी काही बोलली नाही. नुसती उठून आत गेली. त्या हिवाळ्यात गिरड झाले नाही. अम्मी घरात बसून राहिली. तिचे गुडघे आखडले, साखरही वाढली. आमच्या भाभी एकदा बोलून गेल्या, "वर्षातून एक दिवस आम्ही झाडाखाली पाय पसरून बसतो. तेवढाही काढून घेतलात."

तेव्हा आम्हाला उमगले की बायकांसाठी जियारत ही परवानगीची चिठ्ठी होती. "अशीच फिरायला" जाता येत नव्हते, म्हणून "बाबांकडे" जाता येत होते. मजारीजवळ बाईने जावे की नाही, हे भांडण हाजीअलीच्या बाबतीत थेट कोर्टात गेले आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने बायकांच्या बाजूने निकाल दिला. पण मजारीपर्यंतच्या वाटेवर बाई चार पावले मोकळी चालते, मोठ्याने हसते, याबद्दल कुणी बोलत नाही.

आम्ही पुतण्याला समोर बसवून विचारले, "दर्गा नको, ठीक. टेकडी का नको? पृथ्वीवर फिरा आणि निर्मिती कशी झाली ते पाहा, असे कुरआनच सांगते ना?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी येतो. पण वर बाहेरच थांबेन."

तो आला. मुलांना गोळा करून त्याने दगडांचे शास्त्र सांगितले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि रस थिजल्यावर तिथे पोकळ्या राहिल्या. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याबरोबर आलेल्या क्षारांनी त्या हळूहळू भरल्या. पुढे भोवतालचा खडक झिजला आणि आतले गोळे सुटे होऊन बाहेर पडले. त्यांतल्या खनिजांना झिओलाइट म्हणतात. मुले तोंड उघडे टाकून ऐकत होती. अम्मीही ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाबांच्या आधीपासून हे दगड इथंच आहेत. मग बाबा हेच बघायला आले असतील."

पुतण्या हसला. अम्मीने वर जाऊन फातेहा पढला. तो खाली तिच्या चपला आणि पाण्याची बाटली सांभाळत झाडाखाली बसला. उतरताना दादीचा हात त्यानेच धरला. मतभेद मिटले असे नाही. ते आजही आहेत आणि जेवताना निघतातही. पण गिरड पुन्हा सुरू झाले.

आमच्याच जिल्ह्यात बोरचे जंगल आहे. २०१४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे तिकीट काढून जिप्सीत बसावे लागते, खाली उतरता येत नाही. ते बरोबरच आहे, कारण ते वाघाचे घर. पण पायाखाली पान वाजावे, मुलाने काटकी उचलावी, म्हातारीने दगडावर टेकून दम खावा, यासाठी माणसाला वेगळे रान लागते. गावाजवळचे, बिनतिकिटाचे आणि साध्या चपलेने चढता येणारे.

तुमच्याही गावाजवळ अशी एखादी टेकडी असेल, तळ्याकाठची आमराई असेल, नदीचा काठ असेल. तिथे दर्गा असो, देऊळ असो किंवा काहीच नसो. घरातल्या बायकांना तिथे घेऊन जा. अकीद्याची चर्चा घरी आल्यावर करता येते. यंदा आम्ही दोन गाड्या ठरवल्या आहेत, कारण शेजारच्या काकूंनी आणि त्यांच्या सुनेने आधीच जागा सांगून ठेवली आहे. आणि अम्मी गेल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. कुणी विचारले तर सांगते, "गिरडची तयारी करतेय."