सांगावा

दुसऱ्याच्या घरचं मरण डोक्यावर घेऊन चालायचं, हे आमच्या घराचं वतन होतं. गावात कुणी मेलं की आज्याला हाक यायची. ऊन असो, पाऊस असो, पोटात भाकर असो नसो. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, आणि चालू पडायचं. उरण, नागाव, केगाव, जासई, चिरनेर. खाडीपलीकडं सांगायचं असलं तर करंज्याच्या बंदरावरून तरीनं रेवस, तिथून पायी बोडणी. तरीत जागा असली तरी आज्यानं बसायचं कडेलाच.

माझी आजी, जिला सगळा वाडा बाय म्हणायचा, नव्वदी पार करून गेली. तिची माया, तिच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण, सगळं आठवतं. पण ते ज्याच्या त्याच्या आजीबद्दल लिहिता येईल. बायनं एक गोष्ट केली, ती लिहिली पाहिजे. तिची नोंद गावच्या कुठल्याही दप्तरात नाही.

सांगावा द्यायची रीत होती. अंगणाच्या बाहेर उभं राहायचं. पायरी चढायची नाही. नाव घेऊन सांगायचं, अमकी अमकी गेली, मयत अमक्या वेळी उचलणार. घरात रडारड सुरू व्हायची. रडणाऱ्याला सगळे धरायचे. आणि हा चार कोस चालून आलेला माणूस तिथंच उभा. त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. मग कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतायचं. मिळाली तर शिळी भाकर मिळायची.

एका श्रावणात आजा तापानं फणफणला होता. हाक आली. पाळी चुकवता येत नव्हती. बाय निघाली. माझा बाप तेव्हा तिच्या पोटात होता. चिरनेरपर्यंत चालत गेली, भिजत सांगावा दिला. एका पोरानं लांबून दोन भाकऱ्या पदरात टाकल्या.

"मंग तू त्या खाल्ल्या?" मी विचारायचो.

"खाल्ल्या तर! भूक लागलेली. पोटात तुजा बापूस व्हता, तो काय उपाशी ऱ्हानार?"

हे ती कधी लपवायची नाही. आमच्यातले शिकलेले लोक अशा गोष्टी लपवतात. बाय म्हणायची, "लाज माजी नाय. देनाऱ्याची हाय."

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत गेले. वाड्यात ही खबर आणली ती गोदीत कामाला असलेल्या एका पोरानं. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. मोऱ्याच्या बंदरावर लाँचमधून उतरला तो रडत पळतच आला. मग आजा निघाला. घुंगुरकाठी न घेता. पहिल्यांदाच. रातोरात वाड्यावाड्यांतून सांगत फिरला. त्या रात्री त्याला कुणी अंगणाबाहेर उभं केलं नाही. दार उघडायचं, आत घ्यायचे, गळ्यात पडायचे. बाय सांगायची, "त्या दिशी तुज्या आज्यानं आपल्या मानसाचा सांगावा नेला. आदी समदे दुसऱ्यांचे."

दुसऱ्या दिवशी मोऱ्याहून लाँचनं भाऊचा धक्का आणि तिथून चालत दादर. आजा, बाय आणि तिच्या कडेवर माझा बाप. चौपाटीवर चितेसमोरच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. गर्दीत बायला काही दिसलं नाही, ऐकू आलं तेवढं तिनं म्हटलं. परत आली ती बौद्ध होऊन.

पुढच्या पावसाळ्यात गावातल्या एका मोठ्या घरी मयत झालं. हाक आली. आजा सवयीनं उठला, घोंगडी घेतली. बाय दारात आडवी झाली. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली,

"ह्यो नाय येनार."

"का? पाय मोडलं काय?"

"पाय धड हायेत. पन ते त्याचं हायेत, गावाचं नाय."

माणूस निघून गेला. आजा घाबरला होता. बायच्या माहेरी मात्र नकाराची सवय आधीपासून होती. महाड आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तिथं बायांना सांगितलं होतं, जातीची ओळख सांगणारे दागिने टाका, लुगडं नीट नेसा. तिच्या आईनं ते ऐकून गळ्यातल्या कथलाच्या माळा उतरवल्या होत्या. बायनं घोंगडी उतरवली, एवढंच.

किंमत द्यावी लागली. त्या घरानं आणि त्यांच्या भावकीनं शेतावरचं काम बंद केलं. सुगीचं भात आलं नाही. उसनंपासनं बंद. मग बाय उरणच्या मिठागरावर जायला लागली. उधाणाचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की ओढून टोपल्यात भरायचं. टोपलं डोक्यावर, पाण्याची धार मानेवरून पाठीत. तळपायाला भेगा, भेगांत मीठ. रात्री ती पाय खोबरेल लावून भिंतीला टेकवून झोपायची. पण शनिवारी मजुरी रोख हातात यायची, वरून पदरात पडायची नाही.

घुंगुरकाठीचं काय झालं? तिनं ती कोंबड्यांच्या खुराड्याला आडणा लावली. घुंगरं शेळीच्या गळ्यात बांधली. शेळी चांगली दुधाची होती म्हणे.

आता कायद्याचं. महारांना वतनाच्या गुलामीतून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणलं. ते पुढं मागं घ्यावं लागलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. बाय दारात आडवी झाली ती त्याच्या आधी. कायदा झाल्याचं तिला कुणी सांगितलंही नसेल. तो सांगावा घेऊन आमच्याकडं कोण येणार?

पण एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. बाय मरणाला पाठमोरी झाली नाही. ज्या कोळणी मिठागराच्या वाटेवर तिच्याशी बोलायच्या, त्यांच्या घरी कुणी गेलं की ती आपणहून जायची. अंगणात नाही, ओटीवर जाऊन बसायची. पहिल्यांदा कुजबुज झाली. दुसऱ्यांदा कुणी काही बोललं नाही. तिसऱ्यांदा एकीनं तिला चहा दिला, घरच्या कपातून. "बोलावल्याबिगर गेलं म्हंजी मानूस," ती म्हणायची, "हाक मारल्यावर गेलं म्हंजी म्हार."

ती गेली तेव्हा मोबाइलवर खबर फिरली. वरळी, चेंबूरची माणसं नेरूळहून लोकलनं थेट उरणला उतरली. ती गाडी उरणपर्यंत २०२४ च्या जानेवारीत आली. वाड्यात गर्दी झाली. त्या गर्दीत कोळीवाड्यातली एक म्हातारी नातवाचा हात धरून चालत आली. तिला कुणी कळवलं नव्हतं. आत येऊन बायच्या उशाशी बसली. पंचशील होईपर्यंत उठली नाही.

आता सांगावा न्यायला कुणी लागत नाही. पण वतनं संपली असं कुणी म्हणू नये. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी गटारात उतरणारा माणूस कुठल्या वस्तीतून येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथंही कुणीतरी दारात आडवं व्हावं लागेल, आणि त्या घराची चूल त्या दिवसापासून कशी पेटेल तेही आपणच बघायला हवं. बायच्या वेळी मिठागर होतं.

तुमच्या वाड्यात अशा म्हाताऱ्या अजून असतील. त्यांनी काय सोसलं ते आपण खूप लिहिलं. त्यांनी काय नाकारलं तेही विचारा. त्या आहेत तोवर लिहून घ्या.