आयसीवरची अक्षरं

आमच्या धाकट्या भाऊजींनी १९९४ साली सिंगापूरहून ‘गेम बॉय’ आणला होता. निन्टेन्डोचा, करडा, विटेसारखा जाड. आणला मुलांसाठी, पण रात्री जेवणं आटोपली की तेच ‘झेल्डा’ खेळत बसायचे. भाऊजींना जाऊन आता चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खेळ माळ्यावर सापडला. जाऊबाईंनी चार सेल घातले, तर ढिम्म! दुरुस्तीवाल्यानं न उघडताच सांगितलं, “आयसी गेल्यात वहिनी, टाकून द्या.” टाकून कसा द्यायचा? भाऊजींचा अर्धा राहिलेला डाव त्यात असला तर?

मग पुतण्यानं आणि मी तो उघडला. त्याच्या स्क्रूला तीन पाकळ्यांची खाच असते, साधा स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. तांदूळ निवडायचा चष्मा लावून मी आयसीवरची अक्षरं वाचायला बसले. बाई गं, डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तसं सगळं लिहिलेलं! सर्वांत मोठीवर ‘डीएमजी-सीपीयू’. हा मेंदू. ‘डीएमजी’ म्हणजे ‘डॉट मॅट्रिक्स गेम’. खाली ९३ने सुरू होणारे चार आकडे होते. पहिले दोन सालाचे, पुढचे दोन आठवड्याचे. शेजारी दोन जुळ्या, ‘एलएच ५२६४’. ‘एलएच’ ही शार्प कंपनीची खूण, शेवटचे ६४ म्हणजे ६४ किलोबिट, अर्थात ८ किलोबाइट आठवण. चौथी छोटी, ती आवाज वाढवणारी. ‘आयसी गेली’ म्हणणाऱ्याला ‘कुठली?’ एवढं तरी विचारावं, हे मला तिथंच पटलं.

पण त्या जुळ्यांची आठवण बटण बंद केलं की पुसली जाते. मग डाव राहतो कुठं? तो वरून खोचायच्या कॅसेटमध्ये. तिच्यात खेळाची एक आयसी असते आणि आठवणीची वेगळी, आणि त्या दुसरीला जिवंत ठेवायला नाण्याएवढा सेल. तो काढला की डाव गेलाच. म्हणून कॅसेटला हातच लावला नाही.

बिघाड निघाला भलतीकडेच. सेलच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर! कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं, मग स्वच्छ ओल्या बोळ्यानं, आणि दिवसभर वाळू दिलं. (व्हिनेगर पट्ट्यांनाच, आयसींवर ओघळू द्यायचं नाही.)

संध्याकाळी पडदा उजळला. डाव होता. खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी भाऊजींनी जाऊबाईंचं माहेरचं नाव घातलेलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट ठेवून वाचत राहिल्या.

कॅसेटमधला डाव संगणकावर उतरवून घेण्याचं छोटं यंत्र मिळतं. पुतण्यानं ते मागवलंय. आधी दोन प्रती काढायच्या, मगच तो नाण्याएवढा सेल बदलायचा.